गावातल्या पोरांना फिजिक्स शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते दहावीच्या पोरांची विज्ञानाची शिकवणी घेतो, तीही विदर्भातल्या खेड्यात. त्यामुळे पालक विचारतात, नव्यानं शिकवणी सुरू करणारे ताई-दादा विचारतात, कधी शाळेतले सर-मॅडमही विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत, पण ते प्रश्नच तसे आहेत.

दहावीपर्यंत फिजिक्स असा वेगळा विषयच नाही, मग फिजिक्सची शिकवणी म्हणजे नेमकं काय?

बरोबर आहे, स्टेट बोर्डात दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ आणि भाग २ अशी दोन पुस्तकं आहेत. भाग १ मध्ये फिजिक्स न केमिस्ट्री मिसळून येते. दहावीला गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अवकाश मोहिमा हे धडे फिजिक्सचे. नववीला गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, प्रकाशाचे परावर्तन, ध्वनी. पोरं अडकतात ती बहुतेक इथंच, कारण आवर्तसारणी पाठ करून थोडंफार तरी निभते पण भिंगाचं गणित पाठ करून निभत नाही, आकडा बदलला की संपलं. म्हणून मी या धड्यांना वेगळा वेळ देतो, आठवड्यातले तीन दिवस तरी.

कोणत्या वर्गापासून सुरू करावं? आमचा मुलगा दहावीत गेला की पाठवतो.

दहावीची वाट पाहू नका. आठवीत बल व दाब, धाराविद्युत, उष्णतेचं मापन हे सगळं येऊन जाते आणि दहावीचं पुस्तक ते येते असं धरूनच पुढं जाते. नववीत गतीचे नियम आणि ओहमचा नियम पक्का नसला तर दहावीचा विद्युतधारेचा धडा म्हणजे नुसती चित्रं उतरवणं होते. आठवीपासून आला तर उत्तम, नववीपासून आला तर पुरेसं. दहावीच्या दिवाळीनंतर आला तरी नाही म्हणत नाही पण मग आधी नववीचं उकरावं लागते आणि त्याला दुप्पट मेहनत पडते, हे पालकांना आधीच सांगतो.

आणि आठवीत एनएमएमएसची (शिष्यवृत्तीची) परीक्षा राहते, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यात विज्ञानाचे प्रश्न असतात. गावातल्या किती तरी घरांना ही परीक्षा माहीतच नसते म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुलाचं गणितच कच्चं आहे हो, फिजिक्स जमेल का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "आमच्या पोट्ट्याले गणितच येत नाही तर हे कसं येईन सर?" असं म्हणणारे पालक दर वर्षी येतात.

दहावीपर्यंतच्या फिजिक्सला लागणारं गणित खूप थोडं आहे. चार गोष्टी: सूत्रातलं एक पद एकटं काढून दाखवणं, दशांश आणि दहाचे घात, व्यस्त अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी (भिंगासाठी), आणि एककं सांभाळणं. बस. त्रिकोणमिती फक्त अपवर्तनाच्या सूत्रापुरती, वर्गसमीकरण नाही. या चार गोष्टी रोज पंधरा मिनिटं महिनाभर करून घेतल्या की गाडी रुळावर येते.

आता गंमत पाहा. जो मुलगा ओहमच्या नियमाच्या व्ही = आय × आर मधून आर काढताना अडतो, त्यालाच विचारा की कापूस समजा ७,००० रुपये क्विंटल आहे, तुझ्या घरचा ३५ किलो विकला तर किती आले. तो तोंडी सांगतो, २,४५०. मग उलटं विचारा, ३५ किलोचे २,१०० दिले तर भाव काय लावला? तेही सांगतो, सहा हजार, आणि वरून म्हणते व्यापाऱ्यानं फसवलं. म्हणजे भागाकार येतो, प्रमाण येते, अज्ञात संख्या काढता येते, फक्त अक्षर दिसलं की घाबरतो. मी सुरुवातीला सूत्रात अक्षरं लिहितच नाही, पूर्ण शब्द लिहितो: विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे धारा (करंट) गुणिले रोध. दोन आठवडे शब्दांत केल्यावर अक्षरं आणतो.

एककाच्या बाबतीत मात्र कडक राहा. उत्तर बरोबर पण एकक नाही, तर मी ते उत्तर चूक धरतो, पोरं कुरकुर करतात, करू द्या. सेंटिमीटर न मीटरची गफलत बोर्डाच्या पेपरात सर्रास होते.

पहिल्या तासाला काय शिकवावं? व्याख्यांपासून सुरुवात करू का?

नाही. व्याख्या शेवटी. आधी असा प्रश्न टाका की ज्यातलं अर्धं उत्तर पोरांच्या घरी शेतात पडलेलं आहे.

माझा ठरलेला प्रश्न मोटरपंपाचा. "विहीर खोल असली की मोटर वर काठावर न ठेवता आत खाली कायले उतरवतात?" प्रत्येक शेतकऱ्याच्या पोरानं हे पाहिलेलं आहे. विहिरीत मचाण करून किंवा कठड्यावर मोटर बसवलेली राहते, पाणी खाली गेलं की उन्हाळ्यात अजून खाली घ्यावी लागते. कारण विचारलं की उत्तरं येतात: वर ठेवली तर ताकद पुरत नाही, पाइप लांब पडते, लोड येते. मग विचारायचं, बरं, ५ एचपीच्या ऐवजी १५ एचपीची मोटर ठेवली तर ओढेल का? सगळे म्हणतात ओढेल.

इथं थांबायचं आणि करून पाहायचं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, एक टोक बादलीत, दुसरं टोक तोंडात. आधी जमिनीवर उभं राहून ओढा, मग स्टुलावर, मग शिडीवर. जसजसं वर जाल तसतसं जड जाते, आणि एका उंचीनंतर कितीही दम लावला तरी पाणी तिथंच. मग सांगायचं की आपण पाणी ओढतच नाही, आपण फक्त नळीतली हवा काढतो, पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. हवेचा दाब ७६ सेंटिमीटर पाऱ्याच्या उंचीएवढा, पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, म्हणून ७६ गुणिले १३.६ करा, १,०३३.६ सेंटिमीटर येते, म्हणजे साधारण १०.३ मीटर. नळीतली सगळीच्या सगळी हवा काढली तरी याच्या वर पाणी चढणार नाही, मोटर १५ एचपीची असो का ५० ची. प्रत्यक्षात तर घर्षण न गळतीमुळे सहा-सात मीटरच्या पुढं अवघड होते. म्हणून मोटर पाण्याच्या जवळ न्यावी लागते, वर ढकलायला मग मर्यादा अशी नाही, मोटरमध्ये जोर पाहिजे. बोअरमध्ये सबमर्सिबल दोनशे फूट खाली सोडतात ते त्यामुळंच.

हे झालं की कोणीतरी हमखास विचारते, मग सर मोटर पाणी सोडते तेव्हा वरून पाणी टाकून भरावी काहून लागते? कारण आत हवा भरली की पंखा नुसता हवेत फिरतो, आणि हवा एवढी हलकी की ती बाहेर फेकून आत पुरेसा कमी दाब तयार होत नाही. फूटवॉल (पाइपाच्या तळाची झडप) खराब असला की पाणी खाली निसटते आणि मग हेच होते. एका प्रश्नात दाब, घनता, वातावरण, एकक सगळं आलं आणि एकाही पोराला व्याख्या लिहून द्यावी लागली नाही. व्याख्या पुढच्या तासाला पोरंच सांगतात, मी फक्त पुस्तकातल्या शब्दांशी जुळवून घेतो.

प्रयोगशाळा नाही, सामान नाही, प्रयोग कसे घेणार?

सामान लागतं पण ते विज्ञानाच्या दुकानातलंच लागतं असं नाही. माझ्या पेटीत आहे: टॉर्चचे सेल आणि जुने काचेचे बल्ब, होल्डर, थोडी वायर, एक साधा मल्टिमीटर, स्टेशनरीच्या दुकानातलं भिंग, दाढीचा गोल आरसा, सपाट आरशाचे तुकडे (कडा घासून), दोन थर्मामीटर, बिघडलेल्या स्पीकरमधले चुंबक, सायकलच्या चाकाच्या बेरिंगमधल्या गोळ्या, लेव्हलची नळी. मोटर वाइंडिंगच्या दुकानात जाऊन मागितलं तर तांब्याची भंगार तार मिळते, इनॅमल लावलेली. त्याची गुंडाळी करायची, दोन टोकं खरवडायची (एका टोकाचं इनॅमल अर्ध्याच बाजूचं काढायचं), दोन सेफ्टी पिनांवर ठेवायची, खाली चुंबक, सेल जोडला की गुंडाळी फिरते. विद्युत मोटरची आकृती पाठ करणाऱ्या पोराला ही फिरताना दिसली की तो ती आकृती परत कधी विसरत नाही, आणि अर्ध्याच बाजूचं इनॅमल काढल्यानं काय होते हे त्याला विचारा, कम्युटेटरचं (आकृतीतल्या दुभंगलेल्या कड्याचं) काम तो स्वतः सांगेल.

गंजात (पातेल्यात) नाणं ठेवून पाणी ओतलं की नाणं वर आलेलं दिसते, अपवर्तन. खिडकीचा उलटा फोटो भिंगानं भिंतीवर पाडायचा, भिंग ते भिंत अंतर मोजायचं, तेच साधारण नाभीय अंतर, दूरचं झाड घेतलं तर अजून बरोबर येते. हा तर दहावीच्या प्रात्यक्षिकातच आहे. थाळीत पाणी, त्यात तिरपा आरसा, सकाळचं ऊन, भिंतीवर सप्तरंग. ज्यांना अजून कल्पना पाहिजेत त्यांनी अरविंद गुप्ता यांचं काम पाहावं, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्यात त्यांनी आयुष्य घातलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली, आणि त्यांचं बरंच साहित्य मराठीत फुकट आहे.

दोन गोष्टी मात्र कधीच नाही. एक, घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर कोणताही प्रयोग नाही, "फक्त एकदा दाखवतो" म्हणूनही नाही. गावात आकडे टाकलेले असतात, अर्थिंग धड नसते, पावसाळ्यात भिंती ओल्या असतात, आणि दर साली शॉक लागून कोणी ना कोणी जाते. सगळं सेलवर करा. दोन, भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे पाहणं नाही, डोळा कायमचा जातो. हे पोरांना समजावून सांगा, नुसतं रागावू नका.

धाराविद्युत डोक्यातच जात नाही मुलांच्या. काय करावं?

आधी त्यांच्या डोक्यात काय आहे ते काढून घ्या. जवळपास प्रत्येकाला वाटते की करंट सेलमधून निघतो, बल्बमध्ये थोडा खर्च होतो, आणि उरलेला परत जातो. तुम्ही कितीही सूत्रं शिकवा, हा समज तसाच राहिला तर एकसर (एकामागं एक) जोडणीचं गणित कधीच पटत नाही.

दोन सारखे बल्ब एकसर जोडा, पण स्विच दाबायच्या आधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या, पहिला जास्त पेटेल, दुसरा जास्त, का दोन्ही सारखे. हे आधी लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात मला माहीत होतं. पेटवल्यावर दोन्ही सारखेच. कोणी म्हणेल बल्बमध्ये फरक आहे, मग अदलाबदल करून दाखवा. मग मल्टिमीटरनं तिन्ही जागी धारा मोजा, आधी, मध्ये, नंतर. सारखीच. मग विचारायचं की खर्च काय झालं? सायकलची चेन जशी फिरून परत येते, संपत नाही, पण पायाचा जोर चाकापर्यंत पोचवते, तसं. धारा संपत नाही, ऊर्जा जाते.

आणि गावातली लाइन हा तर जिवंत धडाच आहे. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या घरात संध्याकाळी बल्ब मंद का? सगळ्यांनी एकदम लोड टाकला, तारेतून धारा वाढली, लांब तारेचा स्वतःचा रोध आहेच, धारा गुणिले रोध एवढं व्होल्टेज वाटेतच गेलं. ओहमचा नियम तिथं खांबावर लटकून राहिला आहे.

इथं हुशार पोरगं एक प्रश्न विचारते आणि त्यासाठी तयार राहा: सर, व्होल्टेज कमी तर करंट कमी, मग लो व्होल्टेजमध्ये मोटर जळते कशी? फार सुंदर प्रश्न आहे, याला "ते अभ्यासक्रमात नाही" म्हणू नका. मोटर ही साधा रोध नाही. फिरताना ती स्वतःच जनित्रासारखी वागते आणि बाहेरच्या व्होल्टेजला विरोध करते. व्होल्टेज पडलं, वर पाण्याचं ओझं तेवढंच, मोटर मंदावते, विरोध कमी होतो, धारा वाढते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून वाइंडिंग तापते न जळते. दहावीला एवढं पुरे, आणि विद्युतधारेचा औष्णिक परिणाम, मोटर, जनित्र असे तीन विषय एका फटक्यात जोडले जातात.

वीजबिलाचं गणितही करून घ्या. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, ५ एचपी म्हणजे ३,७३० वॅट, आठ तास चालली की २९.८४ युनिट. मग १,००० लिटर पाणी १५ मीटर वर चढवायला किती ज्यूल: १,००० × ९.८ × १५ = १,४७,०००. ३,७३० नं भागलं तर चाळीसेक सेकंद. पोरं म्हणतात नाही सर, आमच्याकडं जास्त वेळ लागते. घड्याळ लावून टाकी भरायला सांगा घरी. जो फरक येईल तोच कार्यक्षमतेचा धडा.

उष्णतेचा धडा कंटाळवाणा वाटतो, त्यात काय दाखवणार?

विदर्भात राहून उष्णतेचा धडा कंटाळवाणा? चंद्रपूर-ब्रम्हपुरीकडं मे मध्ये ४५-४६ होते, यापेक्षा मोठी प्रयोगशाळा कोणती.

कूलर घ्या. मे महिन्यात गारेगार, आणि जुलैच्या झडीत तोच कूलर नुसता चिकचिक करते, का? एका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा, दुसरा कोरडा, दोन्ही पंख्यासमोर. मे मध्ये दोघांत पंधरा-वीस डिग्रीचा फरक पडतो, झडीत दोन-तीन. हवा कोरडी असली की पाण्याची वाफ भराभर होते आणि ती वाफ होताना उष्णता ओढून घेते, हवा आधीच ओली असली तर वाफ फारशी होतच नाही. पुस्तकातली सापेक्ष आर्द्रता, संपृक्त हवा, अप्रकट उष्मा सगळं यातच. आकडाही द्या: १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी. म्हणजे कूलरमधलं १ लिटर पाणी उडून गेलं तर त्यात साडेपाच लिटरच्या आसपास पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला लागते तेवढी उष्णता गेली. पोरांना हे ऐकून खरं वाटत नाही, करून दाखवायला लावा वहीत.

या धड्यासाठी उन्हाळ्याची सकाळची शाळा सुटल्यावरचा आठवडा ठेवा, जूनच्या शेवटी शाळा उघडेपर्यंत हवा बदललेली राहते, तेव्हा परत तोच प्रयोग करा आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवा.

न्यूटनचा तिसरा नियम पाठ आहे, पण वापरता येत नाही.

कारण पाठच केला आहे. हे विचारा: बैल बंडीला (बैलगाडीला) जेवढ्या जोरानं पुढं ओढतो तेवढ्याच जोरानं बंडी बैलाला मागं ओढते, मग दोन्ही बल सारखे तर बंडी चालते कशी? वर्ग गप्प होतो. काही जण म्हणतात बैलाचा जोर थोडा जास्त असते. नाही, तंतोतंत सारखाच. पण ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून एकमेकांना खोडत नाहीत. बंडीचं पाहायचं तर फक्त बंडीवरची बलं मोजा: बैलाची ओढ आणि चाकाचं घर्षण. ओढ जास्त झाली, बंडी निघाली. बैलाचं पाहायचं तर तो खुरानं जमीन मागं रेटतो, जमीन त्याला पुढं रेटते. पावसात काळ्या मातीच्या चिखलात बैल घसरतो तेव्हा काय होते ते सगळ्यांनी पाहिलंय, जमीन रेटत नाही, बंडी रुतून बसते. प्रत्येक वस्तूभोवती वेगळा गोल काढून त्या गोलावरच बाण काढायची सवय लावा, एवढं जमलं तर अकरावीपर्यंत उपयोगी पडते.

जड वस्तू लवकर पडते हाही असाच चिवट समज. वही न कागद सोडा, मग कागद वहीवर ठेवून सोडा. १९७१ ला अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडी न पीस एकदम सोडलं होतं, दोन्ही एकदमच पडले, त्याचं चित्रीकरण मोबाइलवर दाखवता येते.

भिंगाच्या गणितात चिन्हं चुकतात.

आकृती काढल्याशिवाय गणिताला हात लावू देऊ नका. वस्तू नेहमी डावीकडं, म्हणून यू (वस्तूचं अंतर) नेहमी ऋण. बहिर्वक्राचं एफ (नाभीय अंतर) धन, अंतर्वक्राचं ऋण. व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर. १/व्ही − १/यू = १/एफ. उदाहरण, नाभीय अंतर १० सेमी, वस्तू ३० सेमीवर: १/व्ही = १/१० − १/३० = २/३०, व्ही = १५. धन आलं म्हणजे पलीकडं, वास्तव. वर्धन १५ भागिले −३०, म्हणजे −०.५, उलटी आणि अर्धी. लगेच भिंग घेऊन मेणबत्ती ३० सेमीवर ठेवून पाहा, कागदावर येते का १५ ला. आली की पोरांचा गणितावर विश्वास बसतो.

मराठी माध्यम बरं का सेमी-इंग्रजी?

पोराला ज्या भाषेत प्रश्न विचारता येतो त्या भाषेत शिकवा, आणि पेपर ज्या भाषेत आहे त्या भाषेत लिहून घ्या. आमच्याकडं दोन्ही एकाच बॅचमध्ये बसतात, फळ्यावर दोन्ही शब्द लिहितो. गडचिरोली, मेळघाटकडं तर घरी गोंडी किंवा कोरकू बोलणारी मुलं आहेत, त्यांना पुस्तकी मराठीसुद्धा परकी पडते, तिथं तर वस्तू हातात देण्याला पर्यायच नाही.

बोर्डाच्या पेपरची तयारी कशी?

भाग १ चा पेपर ४० मार्कांचा, दोन तास. भाग २ चा ४०, आणि २० प्रात्यक्षिकाचे. भाग १ मध्ये पहिला प्रश्न दहा मार्कांचा वस्तुनिष्ठ, मग शास्त्रीय कारणं, मग दोन-दोन न तीन-तीन मार्कांचे, शेवटी पाच मार्कांचा. तीन मार्कांच्या प्रश्नांना एकूण पंधरा मार्क, आठातले पाच सोडवायचे, खरा पेपर तिथंच आहे. शास्त्रीय कारणात पोरं प्रश्नच परत लिहितात, त्यांना "म्हणून" च्या आधी दोन कारणं आलीच पाहिजेत अशी सवय लावा. गणितात दिलेलं, सूत्र, मांडणी, उत्तर, एकक. जानेवारीपासून घड्याळ लावून जुने पेपर. गाइड नको असं मी म्हणत नाही, पण आधी बालभारतीचं पुस्तक, ते ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे.

मोबाइलवर शिकलं तर चालेल का?

चालेल, पण नेटवर्क गावात कुठं येते कुठं नाही, म्हणून आधी डाउनलोड करून ठेवा. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट नावाचे सिम्युलेशन फुकट आहेत, बरेच मराठीतही आहेत, सर्किट जोडायचं फार छान आहे. खऱ्या बल्बनंतर दाखवा, आधी नको. दीक्षा ॲप आणि पुस्तकातले क्यूआर कोडही वापरा. नुसते व्हिडिओ पाहणारं पोरगं "समजलं" म्हणते आणि वही कोरी राहते, व्हिडिओ मध्येच थांबवून पुढं काय होईल ते लिहून घ्या.

सोयाबीन-कापसाच्या दिवसांत मुलं येतच नाहीत.

येणार नाहीत, घरचं काम आहे ते. ऑक्टोबरला सोयाबीन निघते, मग कापूस वेचणी, गोंदिया-गडचिरोलीकडं मार्च-एप्रिलला मोहफूल आणि मे मध्ये तेंदूपत्ता. रागावून उपयोग नाही, वेळापत्रकच तसं करा. मी नवीन अवघड धडा ऑक्टोबरमध्ये सुरू करत नाही, जुलै ते सप्टेंबरला गुरुत्वाकर्षण आणि विद्युतधारा उरकतो, वेचणीच्या दिवसांत सकाळी सहाची उजळणी ठेवतो. मुलींच्या बाबतीत वेळ ठरवताना मानव विकासची (मुलींना शाळेत ने-आण करणारी) बस किंवा शेवटची एसटी किती वाजता ते आधी पाहा. संध्याकाळची सातची बॅच ठेवली की बाहेरगावच्या मुली गळतात, आणि त्या काही अभ्यास आवडत नाही म्हणून गळत नाहीत.

मी बीए / बायोलॉजीवाली आहे, फिजिक्स शिकवू शकते का?

शिकवू शकता. नववीच्या पुस्तकातले फिजिक्सचे धडे आणि दहावीचा भाग १ आधी स्वतः पूर्ण सोडवा, शेवटच्या स्वाध्यायासकट, आणि प्रत्येक प्रयोग पोरांच्या आधी घरी एकदा करा. एखादं उत्तर आलं नाही तर "उद्या पाहून सांगते" म्हणा आणि खरंच सांगा.

पण शाळेत नोकरीला असलेल्यांनी लक्षात ठेवा, आरटीई (शिक्षण हक्क) कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शाळेतच जादा तास घेता येतात, ते घ्या.

सहल न्यायची तर कुठं?

नागपूरचं रमण विज्ञान केंद्र, तारांगणासकट, दिवसभर पुरते. बुलढाण्याकडं असाल तर लोणार, उल्कापातानं बेसाल्टमध्ये झालेलं साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, काठावर उभं राहून गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे सांगायला यासारखी जागा नाही. पैसे नसले तर मे महिन्यात शून्य सावली पाहा. विदर्भ पूर्ण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, नागपूर-अमरावतीकडं मे च्या शेवटच्या आठवड्यात, दक्षिणेकडं यवतमाळ-गडचिरोलीत काही दिवस आधी. दुसऱ्यांदा जुलैत येतो पण तेव्हा ढग राहतात. सरळ उभा पाइप ठेवा, बारा-सव्वाबाराच्या सुमारास सावली बुडाखाली जाते. डोक्याला दुपट्टा बांधून, पाणी पाजून, दहा मिनिटांत परत सावलीत.

दहावीनंतर सायन्स घ्यावं का?

मार्कांवरून नका ठरवू. मुलाला प्रश्न सोडवताना तासभर बसवते का ते पाहा. अकरावीचं फिजिक्स एकदम चढते, कॅल्क्युलस येते, आणि नीट-जेईईच्या नावानं शहरात खोली करून ठेवायचा खर्च मोठा आहे. हाताचं काम आवडणाऱ्या मुलाला पॉलिटेक्निक किंवा आयटीआयचं इलेक्ट्रिशियन, वायरमन हेही फिजिक्सच आहे आणि त्याला गावात काम मिळते.

फी किती ठेवावी, किती मुलं घ्यावी?

एका बॅचला पंधरापेक्षा जास्त नको, प्रयोगाला हात सगळ्यांचा लागला पाहिजे. फी महिन्याला मागितली तर शेतकऱ्याच्या घरी अडचण होते, पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर येतो, म्हणून दोन हप्ते ठेवा, एक दिवाळीच्या आसपास, एक फेब्रुवारीत. ज्याला जमत नाही त्याला फी माफ करा, पण ते वर्गात कोणाला कळू देऊ नका. सेल, वायर, बल्बचा वर्षाचा खर्च मात्र सुरुवातीलाच फीमध्ये धरा, नाहीतर डिसेंबरपर्यंत सेल संपतात आणि मग प्रयोग बंद पडतात.